ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची पांढऱ्या केसांची मंडळी (सिडनीच्या मार्डी ग्राची गोष्ट)

दक्षिणायन

गेल्या महिन्यात भटकंतीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "सिडनीत राहता, मग ती इंद्रधनुषी मिरवणूक पाहिलीत की नाही?" तिथे दोन ओळींत उत्तर देऊन सुटले. पण विषय दोन ओळींचा नव्हता, म्हणून हा वेगळा धागा.

ही मार्डी ग्रा, म्हणजे समलिंगी लोकांची दरवर्षीची मिरवणूक, बघायला पहिल्यांदा गेले ते २०१८ साली. मिरवणुकीचं चाळिसावं वर्ष. ऑफिसातल्या मैत्रिणीने बजावलं होतं, "दुधाचा क्रेट घेऊन ये, नाहीतर लोकांच्या पाठी बघत बसशील." प्लास्टिकचा तो चौकोनी क्रेट पालथा घालून त्यावर उभं राहायचं, ही इथली जुनी पद्धत. सिडनीत मार्चच्या सुरुवातीलाही उकडतं. चार तास आधी जाऊनसुद्धा मला तिसरी रांग मिळाली.

मला वाटलं होतं चमचमते कपडे, पिसं, ढोल, झालं. ते सगळं होतंच. सगळ्यात पुढे मोटरसायकलींवर बसलेल्या बायका, त्यांच्या इंजिनांच्या आवाजाने पोटात गोळा. मग थोड्या वेळाने काही म्हातारी माणसं आली. कुणी चालत, कुणी बसमध्ये बसून. पांढरे केस, साधे टीशर्ट, एकीच्या हातात काठी. आणि रस्ता अक्षरशः दणाणला! आतापर्यंतच्या कुठल्याही चित्ररथाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. शेजारचा दाढीवाला, खांद्यापर्यंत चमकी लावलेला पोरगा रडत होता. मी मैत्रिणीला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "सेव्हन्टी-एटर्स." म्हणजे अठ्ठ्याहत्तरवाले. पहिल्या रात्रीचे.

त्या पहिल्या रात्रीबद्दल मग मिळेल ते वाचत गेले.

शनिवार, २४ जून १९७८. जून म्हणजे इथला ऐन हिवाळा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्या वर्षी समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढता यावं म्हणून एक प्रस्ताव मतदानाला येणार होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यकर्त्यांनी जगभर पत्रं पाठवली होती, आमच्या पाठीशी उभे राहा म्हणून. सिडनीतल्या लोकांनी ठरवलं, दिवसभराचा कार्यक्रम करू. सकाळी रीतसर मोर्चा, दुपारी सभा. आणि रॉन ऑस्टिन नावाच्या कार्यकर्त्याला सुचलं की रात्री रस्त्यावर एक मजेशीर मिरवणूकही काढावी. मोर्चाला ठरलेलीच माणसं येतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या बारमध्ये लपूनछपून बसणारी मंडळी घोषणा द्यायला यायची नाहीत, पण गाणी ऐकून बाहेर पडली तर पडतील, असा हिशेब.

रात्री दहाच्या सुमारास टेलर स्क्वेअरपाशी लोक जमले. एक उघडा ट्रक, त्यावर स्पीकर, चालवायला लान्स गॉलंड. पोलिसांची परवानगी काढलेली होती. "बारमधून बाहेर या, रस्त्यावर या" अशी घोषणा होती आणि खरंच माणसं ग्लास ठेवून बाहेर येत गेली. उतारावरून हाइड पार्कपर्यंत जायचं होतं, पण पोलीस सुरुवातीपासून "चला, आटपा, पुढे सरका" करत होते. हाइड पार्कला त्यांनी ट्रक अडवला आणि गॉलंडला धरलं. आता गर्दीने घरी जायला हवं होतं. गर्दी वळली आणि किंग्ज क्रॉसकडे निघाली. हजारावर माणसं झाली होती तोवर. किंग्ज क्रॉसच्या डार्लिंगहर्स्ट रोडवर पोलिसांनी दोन्ही तोंडं बंद केली आणि गाड्यांमध्ये माणसं कोंबायला सुरुवात केली. ५३ जणांना अटक झाली. डार्लिंगहर्स्ट पोलीस स्टेशनात पीटर मर्फी या तरुण कार्यकर्त्याला इतकं मारलं की कोठडीतल्या इतरांना ते ऐकू जात होतं. बाहेर लोक रात्रभर थांबून जामिनासाठी पैसे गोळा करत होते.

इथवर ही गोष्ट जगातल्या कुठल्याही पोलिसी अत्याचाराच्या गोष्टीसारखीच आहे. मला जास्त लागलं ते पुढचं. सोमवारी सगळ्यांना कोर्टात उभं केलं, आणि 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'ने अटक झालेल्यांची पूर्ण नावं, राहते पत्ते आणि व्यवसाय छापले. अमुक रस्ता, अमुक घर नंबर, शिक्षक. आरोप किरकोळ होते, बहुतेक पुढे मागेही घेतले गेले. पण पेपर कसा मागे घेणार? काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींची घरं तुटली. घरच्यांना ही बातमी मुलाच्या तोंडून न कळता सकाळच्या चहाबरोबर कळली.

त्या काळी न्यू साउथ वेल्स राज्यात पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास होता, हे लक्षात घ्या. म्हणजे नाव छापणं ही नुसती बदनामी नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत अटकेच्या निषेधाचे मोर्चे निघाले आणि त्यांतही अटका झाल्या. सगळे मिळून आकडा १७८ वर गेला. पण त्या रेट्याचा एक परिणाम असा की ज्या कायद्याखाली पोलीस रस्त्यावरून कुणालाही उचलत, तो १९७९ मध्ये रद्द झाला. त्याचा फायदा पुढे कामगार संघटनांपासून सगळ्यांनाच झाला. १९७९ च्या जूनमध्ये पुन्हा मिरवणूक निघाली, तीनेक हजार लोक आले, एकालाही अटक नाही.

मग १९८१ मध्ये मिरवणूक हिवाळ्यातून उन्हाळ्यात आणली. थंडीत कुडकुडत कोण नाचणार, हे कारण सांगायला सोपं. पण त्यावर जोरदार भांडण झालं होतं. जूनची तारीख न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बंडाच्या (१९६९ मध्ये समलिंगी लोक पोलिसांविरुद्ध उठले त्या) स्मरणाची. ती सोडली की चळवळीची जत्रा होणार, असं अनेकांचं, विशेषतः बऱ्याच लेस्बियन कार्यकर्त्यांचं म्हणणं. काही जणी त्या वेळी बाजूला झाल्या. आणि मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर होत्या. जत्रा झालीच, आणि जत्रा झाली म्हणूनच लाखो लोक आले.

अजून बरंच आहे. एड्स, दिवाळखोरी, माफीनामे. पण पोळ्या राहिल्यात. तुमचे प्रतिसाद बघून पुढचं लिहिते.

मीनाक्षी_क

वाचतेय. पत्ते छापले हे वाचून काटा आला. पण नाव 'मार्डी ग्रा' कसं? तो तर ख्रिश्चन सण ना?

पणजेकर

मीनाक्षीताई, मी सांगतो, कारण हा आमच्या घरचा विषय. मार्डी ग्रा म्हणजे फ्रेंचमध्ये 'चरबीचा मंगळवार'. लेंटचे उपास सुरू होण्याआधीचा शेवटचा खादाडीचा दिवस. आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी गटारी असते ना, तिची सुशिक्षित चुलत बहीण समजा. गोव्याचा कार्निव्हालही त्याच मंगळवारी संपतो. पणजीत किंग मोमो फर्मान काढतो, खा, पी आणि मजा कर. चित्ररथ, मुखवटे, बाईच्या वेषातले पुरुष, हे आमच्याकडे पोर्तुगिजांच्या काळापासून आहे आणि त्या चार दिवसांत कुणाची आजी नाक मुरडत नाही. पाचव्या दिवशी मुरडते.

दक्षिणायन

पणजेकर, गटारीवर हसले. गंमत अशी की १९७८ मध्ये जूनचा आणि लेंटचा काहीही संबंध नव्हता. 'रस्त्यावरची धमाल' एवढ्याच अर्थाने नाव घेतलं होतं. मिरवणूक फेब्रुवारी-मार्चला सरकली तेव्हा ती खऱ्या मार्डी ग्राच्या आसपास येऊन बसली. नाव आधी ठेवलं, मुहूर्त मागून मिळाला.

खडूस आजोबा

लेख माहितीपूर्ण. पोलिसांनी मारहाण केली ते चूकच. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. ज्याने त्याने आपल्या घराच्या चार भिंतींत काय करायचं ते करावं, आमचं काही म्हणणं नाही. त्याची मिरवणूक कशाला? आम्ही आमच्या संसाराची मिरवणूक काढतो का?

बटाटावडा

आजोबा, काढतो की. घोडा, बँड, डोक्यावर लायटिंग घेतलेली माणसं, मागे जनरेटरची गाडी, आणि अर्धा तास ट्रॅफिक जाम. त्याला वरात म्हणतात. 😀

खडूस आजोबा

बटाटावडा, वरात एकदाच निघते. ही दरवर्षी.

बटाटावडा

काही लोकांच्या दोनदा निघतात.

कायद्याचा बोका

आजोबांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, कारण त्याचं उत्तर वरच्या लेखातच आहे. चार भिंतींत राहा म्हणायचं, तर तेव्हा भिंतींच्या आतलंच बेकायदा होतं. १४ वर्षं शिक्षा खोलीतल्या गोष्टीला होती. आणि ते ५३ जण खोलीतल्या गुन्ह्यासाठी पकडले गेलेच नाहीत. त्यांना धरलं रस्त्यावर चालण्याबद्दल. त्यांत बायकाही होत्या, ज्यांच्याविरुद्ध खोलीतला कायदा कधी नव्हताच. म्हणजे आत राहिलात तर आतला कायदा, बाहेर आलात तर बाहेरचा.

तपशिलाची भर घालतो. ऑस्ट्रेलियात राज्यनिहाय कायदे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवलं. न्यू साउथ वेल्सने १९८४ मध्ये, मुख्यमंत्री नेव्हिल रॅन यांनी स्वतः मांडलेल्या विधेयकाने. म्हणजे मार्डी ग्रा सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. तोवरच्या सगळ्या मिरवणुकांत नाचणारे पुरुष कायद्याच्या पुस्तकात गुन्हेगारच होते! त्यानंतरही संमतीवयात फरक ठेवला होता, बाकीच्यांना १६ आणि गे पुरुषांना १८. तो जायला २००३ उजाडलं. टास्मानिया सगळ्यात शेवटी, १९९७.

आणि हे सगळे कायदे कुठून आले ते सांगायला नको. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं ३७७ कलम इंग्रजांच्या ज्या कारखान्यातून आलं तिथूनच.

गिरगावकर

बोकेसाहेबांनी ३७७ काढलंच आहे तर मुंबईचं सांगायलाच हवं. मुंबईची पहिली रीतसर प्राइड फेरी १६ ऑगस्ट २००८ ला. तारीख बघा, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. नावसुद्धा 'क्वीअर आझादी'. आणि जागा ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे आमचं गवालिया टँक, जिथे १९४२ मध्ये इंग्रजांना 'चले जाव' सांगितलं गेलं. त्या फेरीतल्या मागण्यांत एक मागणी अशी होती की ३७७ कलम आमच्यावर लादल्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी. तेव्हा ऐकणारे हसले असतील. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या राष्ट्रकुल परिषदेत त्यांच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अशा कायद्यांबद्दल खोल खेद वाटतो असं जाहीर सांगितलं. माफी नाही, खेद. इंग्रज तो इंग्रजच. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चा तो भाग रद्द केला.

त्या दिवसांत मी नाना चौकातून रोज जायचो. फेरी एकदाच प्रत्यक्ष पाहिली. काही मुलांनी चेहऱ्यावर मुखवटे लावले होते. मला वाटलं नटलेत. मग एक मुखवटा माझ्याकडे बघून चटकन वळला. कोण होता ते मला आजही माहीत नाही, पण तो मला ओळखत होता हे नक्की.

मीनाक्षी_क

गिरगावकर... शेवटची ओळ.

कोलकात्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. भारतातली पहिली फेरी मुंबईची नाही, कोलकात्याची, २ जुलै १९९९. पंधरा माणसं, पावसात. नाव 'फ्रेंडशिप वॉक'. आपल्या पुण्यात पहिली २०११ च्या डिसेंबरमध्ये.

दक्षिणायन

सगळ्यांचे आभार. आता उरलेलं.

१९८५. एड्सने सिडनीत माणसं मरायला लागली होती. मिरवणूक रद्द करा, हा रोग पसरवण्याचा मेळावा आहे, अशी मागणी होत होती. ती रद्द न करता त्या वर्षीचं घोषवाक्य ठेवलं, 'जगण्यासाठी लढतोय'. पुढची दहाएक वर्षं ही मिरवणूक म्हणजे आरोग्य खात्याच्या पत्रकांपेक्षा जास्त उपयोगाची शाळा झाली. निरोध वाटणं, सुरक्षित संबंधांचे चित्ररथ, सुया बदलून घ्यायची माहिती. माझ्याबरोबर काम केलेल्या एक निवृत्त नर्सबाई सांगायच्या, वॉर्डातले काही पेशंट सलाइन काढून मिरवणुकीला जायचे आणि रविवारी सकाळी चमकी लागलेल्या उशीवर परत सापडायचे. चादरीतली चमकी धुऊन जात नाही हे मला त्यांनी शिकवलं.

त्याच काळात एक धर्मोपदेशक आणि आमदार होते, फ्रेड नाइल. दरवर्षी मिरवणुकीच्या दिवशी पाऊस पडावा म्हणून जाहीर प्रार्थना करायचे. मिरवणूकवाल्यांनी एकदा त्यांचं भलंमोठं मुंडकं करून ताटात ठेवून फिरवलं. पाऊस कधी पडला, कधी नाही. त्यांचं नाव मात्र दर वर्षी पेपरात आलं, म्हणजे प्रार्थना अगदीच वाया गेली नाही.

आणि १९८८! त्या वर्षी गोऱ्यांच्या आगमनाला दोनशे वर्षं झाली म्हणून देशभर सोहळे चालू होते. माल्कम कोल नावाचा आदिवासी नर्तक, ऑस्ट्रेलियावर इंग्रजांचा हक्क सांगणाऱ्या कॅप्टन कुकच्या वेषात, डोक्याला विग, एका होडीत ऐटीत उभा राहिला आणि त्याची होडी गोरे पुरुष ओढत होते. मार्डी ग्रातला हा आदिवासींचा पहिला चित्ररथ. दोनशे वर्षांच्या सरकारी सोहळ्यातलं दुसरं काही मला आठवत नाही, कारण दुसरं काही कुणी मला सांगितलंच नाही. हे मात्र सगळे सांगतात.

१९९४ मध्ये सरकारी एबीसी वाहिनीने मिरवणूक दाखवायचं ठरवलं तेव्हा संसदेतल्या नव्वदहून जास्त सदस्यांनी वेळेबद्दल तक्रार केली. रविवारी संध्याकाळी मुलंबाळं बघतात म्हणून. मुलंबाळांनी बघितलं.

२००२ मध्ये संस्था बुडाली. विम्याचे हप्ते वाढले, खर्च सुटेना, ऑगस्टमध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मग नव्या नावाने नवी संस्था उभी करून मिरवणूक चालू ठेवली. एकही वर्ष चुकलं नाही.

हिशेबनीस

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून. आता तिथे बँका, विमान कंपन्या, दारूवाले सगळे चित्ररथ घेऊन येतात ना? २०१४ मध्ये एका बँकेने आपली एटीएम यंत्रं खडे-चमक्या लावून सजवली होती, फोटो पाहिले होते. यात चळवळ कुठे राहिली? १९८१ ला बाजूला झालेल्या बायकांचंच खरं झालं की.

पुणेरी पाटी

आमच्या चौकातल्या गणपतीच्या मांडवावर बाप्पापेक्षा बिल्डरचा फोटो मोठा आहे. म्हणून आम्ही गणपती सोडला का? चौक सोडला. 😐

दक्षिणायन

हिशेबनीस, हा वाद इथेही दरवर्षी होतो आणि त्यात अठ्ठ्याहत्तरवालेच पुढे असतात. पोलिसांवरून तर जास्तच. १९९८ मध्ये पोलीस पहिल्यांदा गणवेशात मिरवणुकीत चालले. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी मारलं तेच खातं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी पाठ फिरवली. २०२४ मध्ये एका पोलिसावर एका समलिंगी जोडप्याच्या खुनाचा आरोप आला, मिरवणुकीच्या अवघे काही दिवस आधी. आयोजकांनी पोलिसांना सांगितलं, यंदा येऊ नका. मग बोलणी होऊन ते आले, पण गणवेशाशिवाय. माझं मत विचाराल तर गणवेश घरी ठेवायला लावणं मला योग्यच वाटलं. यावर माझ्या नवऱ्याचं मत वेगळं आहे, त्यामुळे त्या शनिवारी आम्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांवर उभे होतो.

माफीचं राहिलं. २०१६ च्या फेब्रुवारीत 'हेरल्ड'ने नावं छापल्याबद्दल माफी मागितली, आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या विधिमंडळाने. ३८ वर्षांनी. प्रेक्षक सज्जात म्हातारे अठ्ठ्याहत्तरवाले बसले होते. जे वारले त्यांचं काय, हे कुणीतरी वरून ओरडून विचारायला हवं होतं असं मला वाटतं.

खडूस आजोबा

मिरवणुकीबद्दल माझं मत तेच आहे. परंतु ते नावं छापण्याचं डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. त्या काळी एस.एस.सी.चा निकाल वर्तमानपत्रात यायचा. नाव नाही, नुसते नंबर. तरी ज्या पोराचा नंबर नसे ते दोन दोन दिवस घरी येत नसे. आम्ही शिक्षक मंडळी विहिरी बघत फिरायचो. नुसता नंबर नसल्याने ही गत. इथे नाव, पत्ता, धंदा.

शिक्षकांचीही नावं होती म्हणालात ना?

दक्षिणायन

हो आजोबा. शिक्षकही होते.

तळ्यात मळ्यात

बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो. हा आयडी आजच काढला, प्रतिसाद देण्यासाठी.

मी सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटाजवळ वाढलो. लहानपणापासून तिथल्या मंडळाच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवलेत. दक्षिणायन, शक्यता आहे की तुम्ही मला ओळखता, कृपया ओळखू नका.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाहावर टपालाने मत मागवलं. घरोघरी फॉर्म आला. प्रश्न एक, चौकोन दोन. देशभरात ६१.६ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. आणि पॅरामॅटा मतदारसंघात ६१.६ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. दशांशासकट तोच आकडा, उलटा. ऑक्सफर्ड स्ट्रीट ज्या सिडनी मतदारसंघात येतो तिथे 'हो' ८३.७. तिथून आमच्याकडे ट्रेनने अर्धा-पाऊण तास लागतो. पॅरामॅटात सगळे काही आपले लोक नाहीत, चिनी, लेबनीज, कितीतरी आहेत, त्यामुळे 'मराठी माणसांनी नाही म्हटलं' असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

आमच्या घरी तीन फॉर्म आले होते. आई, बाबा, मी. बाबांनी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून भरला, जसा टॅक्सचा भरतात. आईने स्वयंपाकघरात ओट्यावर भरला. दोघांनी आपापली पाकिटं चिकटवली आणि माझ्याकडे दिली. "जाता जाता पेटीत टाक रे." मी तिन्ही पाकिटं घेऊन लाल पेटीपाशी बराच वेळ उभा होतो. दिव्यासमोर धरून बघितलं तर दिसलं असतं कदाचित. नाही बघितलं. तिन्ही टाकली.

अजून मला माहीत नाही त्यांनी काय खूण केली ते. त्यांनाही माझं माहीत नाही. मार्डी ग्राला मी एकदाच गेलोय, मागच्या गल्लीतून, टोपी घालून.

मीनाक्षी_क

तळ्यात मळ्यात, नाव फार विचार करून घेतलंयस. इथे लिहीत राहा.

बटाटावडा

+१. आणि मित्रा, पाकिटं उघडली नाहीस, मी तर उघडली असती.

कायद्याचा बोका

उघडली असतीस तर गुन्हा होता, वड्या.

आस्तिक नास्तिक

सर्वांच्या भावना समजू शकतो, परंतु हे सर्व पाश्चात्त्य खूळ आपल्या संस्कृतीत

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग व्यक्तिगत शेरेबाजीमुळे काढला आहे. विषयाला धरून लिहावे.

पणजेकर

पाश्चात्त्य खुळाबद्दल बोकेसाहेबांनी आधीच लिहिलंय. कलम तिकडून आलं, मिरवणूक नंतर.

गिरगावकर

थोडं अवांतर, पण 'संस्कृती'वाल्यांसाठी. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी मुंबईच्या कोर्टात खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून, आणि त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण मराठीत हा विषय काल आला असं म्हणणाऱ्यांनी एवढं वाचावं.

दक्षिणायन

तळ्यात मळ्यात, मी तुला ओळखत नाही. (खरंच ओळखत नाही, आणि ओळखलं तरी ओळखणार नाही.) इथे 'त्रिकोण ऑस्ट्रेलिया' नावाचा दक्षिण आशियाई लोकांचा गट आहे. मार्डी ग्रात त्यांची तुकडी असते. साड्या, ढोल, हिंदी गाणी. तिथे टोपी घातली तरी चालते.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. एक, टेलर स्क्वेअरचं इंद्रधनुष्य. २०१३ च्या उत्सवासाठी तिथला पादचारी पट्टा इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवला होता. सरकारने वाहतुकीचं कारण देऊन एका रात्रीत तो खरवडून काढला. सकाळी लोक खडू घेऊन बाहेर पडले आणि गल्लीगल्लीत फुटपाथवर स्वतःच पट्टे काढायला लागले. मग ते लोण दुसऱ्या शहरांत गेलं. आमच्या शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींनी मला दिवाळीत रांगोळी काढताना बघून विचारलं होतं, "तूही खडूवाली का?" मी हो म्हटलं. तेव्हा अर्थ कळला नव्हता.

दुसरी, डार्लिंगहर्स्ट पोलीस स्टेशन. ज्या इमारतीत ते ५३ जण डांबले होते तिथे २०२४ च्या फेब्रुवारीपासून संग्रहालय आहे, 'क्युटोपिया'. ह्याच समाजाचं. मी गेले होते. कोठड्या आहेत तशा ठेवल्यात. आत जाऊन उभं राहता येतं. माझ्या पुढे एक बाई त्यांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. नातीने विचारलं, शू कुठे करायचे इथे? त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. लगेच, विचार न करता. मी बाहेर येऊन थांबले, त्यांना काही विचारलं नाही.

खडूस आजोबा

बाई अठ्ठ्याहत्तरच्या होत्या काय?

दक्षिणायन

वय तेवढं वाटत होतं, आजोबा. एवढंच सांगता येईल.

तळ्यात मळ्यात

एक विचारायचं होतं. तो दुधाचा क्रेट कुठे मिळतो?

दक्षिणायन

दुकानात नाही मिळत. सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी पडलेले असतात, पण ते दूध कंपनीच्या मालकीचे. नेणं बेकायदा आहे, तसं त्यांच्यावर छापलेलंही असतं. माझ्याकडे दोन आहेत. कसे आले विचारू नये.

कायद्याचा बोका

मी काही वाचलं नाही.